पाडलेल्या इमारतीचा विमा

९ फेब्रुवारी

दुपारी विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा फोन आला. "बाई, मी तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर उभा आहे. इथे मोटारी आहेत."

"असणारच. लोक वाचायला येतात."

"तसं नाही. नुसत्या मोटारीच आहेत. वाचनालय नाही."

चपला अडकवून गेले. माणूस छातीशी फाइल धरून वाहनतळाच्या मधोमध उभा होता आणि वाहनतळाचा रखवालदार त्याच्याकडे पावती मागत होता.

झालं ते असं. परवा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पाण्याचा नळ फुटला आणि खालचा बालविभाग भिजला. मुलांची पुस्तकं फुगून दुप्पट झाली आहेत. ग्रंथपाल ती दोऱ्यांवर वाळत घालते आणि कोणी दिसत नाही असं वाटलं की डोळे पुसते. नगरपरिषदेने विम्याची भरपाई मागितली. आज कळलं की विमा जुन्या वाचनालयाचा आहे. ते पाडून तिथे वाहनतळ केला, त्यालाही आता वर्षं लोटली. नव्या इमारतीचा विमा कोणी काढलाच नाही. आमचं शहर दरवर्षी, न चुकता, हवेचा विमा उतरवत होतं.

"आग लागायची भीती मात्र नव्हती हं," सर्व्हेअर म्हणाला आणि हसला. माझं तोंड पाहून त्याने हसू आवरलं.

मी सारी नोकरी वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानदार मला मागून काटाबाई म्हणायचे, म्हणोत. लोकांनी मला नगरपरिषदेवर निवडून दिलं ते मापात पाप करणाऱ्यांना पकडते म्हणून. आता बघतेच.

११ फेब्रुवारी

सचिवांना विचारलं, शहराचा विमा एजंट कोण?

"एक नाही, बाई. मंडळ आहे."

हे मंडळ म्हणजे काय, ते समजून घ्यायला माझी अर्धी सकाळ गेली. गावातले सगळे विमा एजंट मिळून एक मंडळ. शहर विम्याचा हप्ता कंपनीला देतं, कंपनी त्यातला ठरावीक टक्का कमिशन म्हणून मंडळाला देते, आणि मंडळ ते सगळ्यांत सारखं वाटतं. कोणी रुसायला नको म्हणून. काम कोण करतं? पाळीपाळीने. यंदा कोणाची पाळी? ते सचिवांना ठाऊक नव्हतं. हे मंडळ निवडलं कोणी? "निवडलं असं नाही. आहेच." दुसऱ्या कोणाला कधी विचारलं होतं? सचिवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्याला पर्याय मागितला.

आणि यातली खरी मेख: हप्ता जितका मोठा, तितकं कमिशन मोठं. म्हणजे ज्या माणसाने शहराचे पैसे वाचवायचे, त्याची कमाई शहराचे पैसे जास्त गेले की वाढते. उंदराला पोत्याची राखण दिली आणि वर पगारही धान्याच्या मापात लावला.

मंडळाच्या प्रमुखाला गाठलं. गाव त्याला मखमल म्हणतं, आवाजामुळे. वाईट बातमीसुद्धा इस्त्री करून देतो.

"बाई, दरवर्षी नूतनीकरण होतं. गेल्या वर्षीचे कागद पुढे जातात."

"न वाचता?"

"असं कसं? आम्ही अकरा जण आहोत. कोणी ना कोणी वाचतच असणार."

प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने वाचलं. कमिशनाचे अकरा वाटे झाले, कामाचा एकही नाही. "उभ्या वाहनतळाचं कमिशन खाल्लंत तुम्ही," मी म्हटलं. तर म्हणतो, "बाई, खाल्लं म्हणू नका. आलं."

१४ फेब्रुवारी

धाकटीकडे गेले. माझी एकुलती एक बहीण. मेहुणे जाऊन पाच वर्षं झाली. तेही विमा एजंटच होते, पण जुन्या वळणाचे, सरळ. त्यांच्या शिल्लकीवर तिचं नीट चाललं आहे. ती ओट्याशी चहा करत होती, मी स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं. तापून तापून सांगितलं. एजंट लोक काडीचं काम करत नाहीत, नुसती वाट पाहतात, हे सगळं बंद करून दाखवते, असं म्हटलं.

ती बराच वेळ चहा ढवळत राहिली. "सगळ्यांचंच बंद होईल?"

"सगळ्यांचं."

"म्हणजे... जे आता नाहीत, त्यांचंही?"

"अगं, मेलेल्या माणसाला कोण कमिशन देतं!"

चहा उतू गेला. इतकी वर्षं स्वयंपाकघरात काढून हिला अजून चहावर लक्ष ठेवता येत नाही. मी तसं म्हटलंसुद्धा. ती फडक्याने ओटा पुसत राहिली. लहानपणापासून घुमी.

२० फेब्रुवारी

नगराध्यक्षांना भेटले. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि नगरपरिषदही ते गल्ल्यावर बसल्यासारखीच चालवतात. मी मागणी ठेवली: जाहीर निविदा काढा, कोणाही लायक एजंटला अर्ज करू द्या, त्याला टक्का नको, ठरलेली फी द्या. हप्ता कमी झाला म्हणून त्याचं पोट दुखायला नको.

ते गोड हसले. "बाई, तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला मी काय सांगू?"

"घरची म्हणजे?"

"म्हणजे समजून घेणाऱ्या. घ्या, विषयपत्रिकेवर घेतो. चर्चा करू, चहा पिऊ."

मला वाटलं होतं ते विरोध करतील. विरोध नाही, राग नाही. माझ्याकडे असं पाहत होते, जसं नाटकात खोटंखोटं रागावणाऱ्या नटाकडे पाहतात. मला चीड आली, पण कशाची ते नेमकं सांगता येईना.

३ मार्च

धाकटीने तिची पुढची खोली भाड्याने द्यायला काढली आहे. मला भाजीवालीकडून कळलं. फोन केला. "तुला काय कमी आहे ग? परका माणूस घरात घेणार?"

"एकटीला करमत नाही."

"मग माझ्याकडे येऊन राहा."

"नको ताई. तुझ्याकडे माझं वजन केलं जातं."

हा काय टोमणा? त्या दिवशी मी तिला चहावरून बोलले, तेच मनात धरून बसली आहे. वय झालं तरी रुसवे काही सुटत नाहीत.

विषय १८ तारखेच्या सभेत येतोय. आम्ही नऊ सदस्य. औषधाच्या दुकानवाल्याने मला पाठिंबा दिला, तोही मला डोकेदुखीची गोळी बांधून देता देता. बाकीचे "बघू" म्हणतात.

९ मार्च

मखमल घरी आला. बसायला सांगितलं नव्हतं, तरी बसला.

"बाई, विषय मागे घ्या. तुमच्या भल्याचं सांगतो."

"धमकी देताय?"

"छे, छे. आमच्या मंडळात पहिल्यापासून एक नियम आहे. सदस्य वारला तरी त्याचा वाटा घरच्यांना चालू राहतो. माणुसकी म्हणून. आमच्या अकरांत तिघांचे वाटे तसे जातात." थांबला. "त्यातला एक तुमच्या बहिणीकडे."

मला घोटभर पाणी प्यावंसं वाटलं, पण त्याच्यासमोर उठले नाही.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"असं कसं?" आज पहिल्यांदा त्याच्या आवाजातली मखमल जरा विरली. तो खरोखरच चकित झाला होता. "सगळ्या गावाला माहीत आहे. आम्हाला वाटलं, बाई लोकांसाठी थोडं ओरडतील आणि मग सोडून देतील. नगराध्यक्षांनी तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, काळजी करू नका, त्यांच्याही घरी जातं."

म्हणून ते हसू. म्हणून "घरच्याच". या लोकांनी मला न सांगता विकत घेतलं होतं आणि पाच वर्षं हप्ते भरत होते! आयुष्यभर कोणाच्या दुकानातली साखरेची चिमूट तोंडात टाकली नाही मी. त्याला दार दाखवलं.

मेहुण्यांची शिल्लक वगैरे काही नव्हतीच म्हणायची.

१० मार्च

धाकटीकडे गेले. दारातच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी? तुला वाटलं शिल्लक आहे, मी म्हटलं वाटू दे. तुझ्यासमोर पदर पसरण्यापेक्षा बरं."

मी नियम काढून ठेवला होता, तो तिला समजावला. ज्या सदस्याच्या जवळच्या नातेवाइकाचा एखाद्या विषयात पैशाचा हितसंबंध असेल, त्याने तो सभेत जाहीर करायचा, त्याचं स्वरूप सांगायचं आणि उठून बाहेर जायचं. मतही नाही, बोलणंही नाही. मी बाहेर गेले तर विषय पडणार, कारण बोलणारी मी एकटीच. गप्प बसून मत दिलं तर तो अप्रामाणिकपणा. तिसरा मार्ग एकच: धाकटीने तिचा वाटा आजच सोडून द्यायचा. मग हितसंबंधच उरत नाही. मला त्यात काही अवघड दिसत नव्हतं. नाहीतरी १८ तारखेनंतर तो बंदच व्हायचा होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझे पैसे बंद करायचं मत तुला देता यावं, म्हणून मी आधीच ते सोडायचे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुझं आणि उपास माझा? नाही सोडणार. शहराने काढून घेतले तर घेऊ दे. बहिणीने मागून घेतले, असं मी आयुष्यभर डोक्यात ठेवणार नाही."

"फुकटचे पैसे आहेत ते!"

"फुकटचे?" तिने कपाटावर थाप मारली, वरचा डबा हलला. "तुझे मेहुणे फिरत होते तेव्हा कागद कोण भरत होतं? भांडणारी गिऱ्हाइकं घरी यायची तेव्हा दार कोण उघडायचं? एजंटची परीक्षा दोघांनी दिली होती, ताई. मी पास झाले पहिल्यांदा, ते दुसऱ्यांदा. पाटीवर नाव त्यांचं लागलं, कारण बाईकडे विमा कोण काढणार? परवान्याचं नूतनीकरण मी अजून दरवर्षी करते. का करते कोण जाणे."

हे मला माहीत नव्हतं. पण या पाच वर्षांत ती मंडळासाठी काहीच करत नव्हती, हेही खरंच ना? तसं मी म्हटलं. तिने दार लावून घेतलं. मी बाहेर होते.

१८ मार्च

सभागृह भरलं होतं. ग्रंथपाल आली होती, वाळलेली दोन पुस्तकं घेऊन, लोकांना दाखवायला. धाकटी शेवटच्या रांगेत. माझ्याकडे बघत नव्हती.

विषय पुकारला. मी उठले. "माझा यात हितसंबंध आहे. नियमाप्रमाणे त्याचं स्वरूप सांगते."

नगराध्यक्षांचा चेहरा उजळला. "छान, छान. थोडक्यात सांगा आणि बाहेर बसा."

"नियमात थोडक्यात असं नाही." आणि मी स्वरूप सांगितलं. शहराने पाडलेल्या इमारतीचा विमा भरला. त्यावर मंडळाला कमिशन मिळालं. ते अकरा ठिकाणी गेलं. त्यातला एक जण परदेशात मुलाकडे राहतो. एकाला आता दिसत नाही. एक निवृत्त होऊन मधमाश्या पाळतो. तीन वाटे वारलेल्यांच्या घरी जातात. "त्यांतलं एक घर माझ्या बहिणीचं. मला नऊ दिवसांपूर्वी कळलं. तुम्हा सगळ्यांना पाच वर्षं माहीत आहे."

"पुरे, बाई, पुरे."

"स्वरूप संपलं की थांबेन. यांत काम करणारे किती, तेही स्वरूपातच येतं. ते मला सापडले नाहीत."

मागे कोणीतरी हसलं. मी बाहेर जायला निघाले, तेवढ्यात औषधवाला उठला. आजवर सभेत हा माणूस खिडकी उघडायला सांगण्यापलीकडे बोललेला नाही. "अध्यक्ष, बाईंसारखा आणखी कोणाचा हितसंबंध आहे का, एवढं विचारून घ्या."

नगराध्यक्ष कागद चाळू लागले. मग लोकांतून आवाज आला, "अध्यक्ष, जावई काय म्हणतात?" नगराध्यक्षांचे जावई मंडळात आहेत. लोकांनी खुर्च्या बडवायला सुरुवात केली.

मी बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने दार उघडलं आणि नगराध्यक्ष बाहेर आले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग एक सदस्या आली, तिचा दीर मंडळात. मग आणखी एक, मग दोघे एकदम. शेवटी बाकावर जागा उरली नाही तेव्हा मी सरकून घेतलं. एवढी सभ्यता माझ्यात आहे.

"खूश झालात?" नगराध्यक्ष म्हणाले.

"सभेचा विषय आहे. बाहेर बोलणं नियमात बसत नाही."

आत तिघेच उरले. सचिवांनी नियम वाचला म्हणे: सदस्य पुरेसे नसतील तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेत असतील तेवढ्यांनी ठरवायचं. पुढच्या आठवड्यात ते तिघे ठरवतील.

धाकटी माझ्यासमोरून गेली. "चारचौघांत माझ्याबद्दल कधी चांगलं बोलली नाहीस," ती म्हणाली, "आज बोललीस ते हे." आणि जिना उतरून गेली. मी काय खोटं बोलले होते?

२६ मार्च

तिघांनी एकमताने ठरवलं. टक्का बंद. जाहीर निविदा, ठरलेली फी, एकच एजंट, आणि त्याने वर्षातून एकदा प्रत्येक इमारत पायांनी फिरून पाहायची. हे शेवटचं कलम औषधवाल्याने घातलं. मला सुचायला हवं होतं.

मी जिंकले. घरी येऊन दोन माणसांचा भात लावला आणि मग लक्षात आलं की येणार कोणीच नाही.

८ एप्रिल

धाकटी आली. आत न येता उंबऱ्यावर उभी राहिली. "निविदेला अर्ज करतेय. परवाना आहे माझ्याकडे. फी किती लिहायची?"

माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "मला विचारू नकोस! मी नगरसेविका आहे. आणि आता परत मला सभेबाहेर बसावं लागणार. जरा तरी विचार केलास?"

"केला. एवढंच सांग, वाट्याचे यायचे तेवढे लिहिले तर जास्त होतील की कमी?"

"एक शब्द सांगणार नाही."

ती मान हलवत राहिली. "तू बहीण कधी असतेस, तेवढं कळव. तेव्हा येईन."

तिने समजून घ्यायला हवं होतं. मी बरोबरच होते. संध्याकाळभर बरोबरच होते.

२४ एप्रिल

निविदा भर सभेत उघडल्या. पाकिटं उघडेपर्यंत बसायची मला परवानगी होती, चर्चेला उठायचं. मंडळातल्या दोघांनी भरल्या होत्या, बाहेरगावच्या एका संस्थेने, आणि धाकटीने. सचिवांनी आकडे मोठ्याने वाचले.

धाकटीचा आकडा सगळ्यांत कमी. कमी म्हणजे काय, लाज वाटावी इतका कमी. एवढ्या पैशात शहराच्या सगळ्या इमारती, पाण्याची टाकी, अग्निशमनाच्या गाड्या? नळ फुटला की पहाटे धावायचं कोणी? कंपनीशी महिनोन्‌महिने भांडायचं कोणी? काम करणाऱ्या माणसाचं हे मोल? शहराने असल्या दरात काम करून घेणं ही सरळसरळ लूट आहे! मी उठले होते, तोंडही उघडलं होतं.

"बाई," नगराध्यक्ष अगदी प्रेमाने म्हणाले, "आपल्याला काही बोलायचं होतं का? हितसंबंध आहे ना?"

मी बाहेर गेले. काम धाकटीला मिळालं.

तडक तिच्या घरी गेले. ती ओट्याशीच होती.

"मूर्ख आहेस तू! एवढ्यात वर्ष काढणार? तिप्पट मागायला हवे होतेस! या कामात किती राबायचं असतं, कळतं का तुला?"

तिने गॅस बंद केला. वळली. "फेब्रुवारीत तू याच स्टुलावर बसून मला सांगितलंस, एजंट काडीचं काम करत नाहीत. मी तुझंच ऐकलं, ताई. काडीच्या कामाचे किती मागतात?"

स्टुलावर बसले. तिने चहा दिला. मी नावं न ठेवता प्याले. मग ती म्हणाली, पहिली पाहणी परवा, पाण्याच्या टाकीची. शिडी जुनी आहे, खाली कोणीतरी धरायला लागतं.

घरी येऊन सगळे नियम पुन्हा वाचले. नातेवाइकाची शिडी धरणं हा हितसंबंध ठरत नाही. परवा सकाळी जाते.